थ्री-ऑन-थ्री बास्केटबॉल स्पर्धा भरवताय? नियमांतल्या या चुका टाळा

सामना बरोबरीत संपला आणि दोन्ही कर्णधार गुण लिहिण्याच्या टेबलाकडे आले. एक म्हणाला, आता तीन मिनिटं जादा. दुसरा म्हणाला, जो पहिली बास्केट करेल तो जिंकला. दोघांचंही चुकत होतं, पण तसं सांगायला माझ्या हातात काहीच नव्हतं. आमच्या नियमपत्रकात बरोबरीबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. शेवटी नाणं उडवून निकाल लावला. दहा मिनिटं जीव तोडून खेळलेली ती मुलं नाणेफेकीत हरून गेली, याची रुखरुख मला अजून आहे.

तेव्हापासून मी थ्री-ऑन-थ्रीच्या, म्हणजे एकाच रिंगवर तीन विरुद्ध तीन खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉलच्या, स्पर्धांमधले वाद टिपून ठेवत आलो. मुद्दाम नियम मोडणारे त्यांत फार कमी सापडले. बहुतेक भांडणं होतात ती प्रत्येक संघ आपापल्या मैदानावरची पद्धत सोबत घेऊन येतो म्हणून. कुणाकडे बास्केट करणाऱ्यालाच पुन्हा बॉल मिळतो, कुणाकडे पाच फाउलवर खेळाडू बाहेर जातो, कुणाकडे आर्कच्या, म्हणजे रिंगसमोरच्या मोठ्या वक्र रेषेच्या, बाहेरून तीन गुण असतात. आपापल्या जागी यातलं काहीच गैर नाही. स्पर्धेत मात्र सगळ्यांसाठी एकच पत्रक लागतं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, म्हणजे फिबाचे, नियम पाया म्हणून घ्यावेत. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्येही त्याच नियमांवर खेळला जातो. एखादा नियम बदलायचा असेल तर जरूर बदला, पण तो बदल लिहून ठेवा.

२१ गुण आणि बरोबरी

आर्कच्या आतून १ गुण, बाहेरून २, फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा, १. दहा मिनिटांचा एकच डाव. त्याआधी कुणी २१ किंवा जास्त गुण केले तर सामना तिथेच संपतो. ‘किंवा जास्त’ हे शब्द पत्रकात हवेतच. २० गुणांवर असलेल्या संघाने बाहेरून बॉल टाकला की फलक २२ दाखवतो, आणि ‘बरोबर २१ हवेत’ असं म्हणणारा कुणी ना कुणी निघतोच.

वेळ संपली तेव्हा बरोबरी असेल तर एक मिनिट थांबून जादा डाव सुरू होतो. त्यात जो संघ आधी २ गुण करेल तो जिंकतो. या डावाला घड्याळ नसतं, आणि २१ ची मर्यादाही इथे लागू नाही. ‘पहिली बास्केट’ आणि ‘पहिले दोन गुण’ यांत केवढा फरक आहे ते २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात दिसलं. जादा डावात फ्रान्सचा एक गुण झाला होता, तरी नेदरलँड्सच्या वर्दी डी याँगने बाहेरून दोन गुणांचा शॉट मारला आणि नेदरलँड्सने १८-१७ ने सुवर्ण जिंकलं. पहिल्या बास्केटवर निकाल असता तर पदकं उलटी वाटली गेली असती.

जादा डाव कोण सुरू करणार, हे सामन्याआधीच ठरलेलं असतं. नाणेफेक जिंकणारा संघ सुरुवातीचा ताबा तरी घेतो किंवा तो सोडून जादा डावाचा ताबा राखून ठेवतो. ही निवड गुणपत्रकावर लगेच लिहा. अर्ध्या तासाने कुणाच्या लक्षात राहत नाही.

बॉल बाहेर काढणं: सर्वाधिक वाद इथेच

पाच जणांचा खेळ खेळून आलेले खेळाडू इथे हमखास गोंधळतात. बास्केट झाली की ते सवयीने एंड लाइनमागे, म्हणजे रिंगमागच्या हद्दीच्या रेषेमागे, जातात आणि तिथून बॉल आत टाकतात. थ्री-ऑन-थ्रीमध्ये ते चालत नाही. ज्या संघावर बास्केट झाली त्याचा खेळाडू रिंगखालून, मैदानाच्या आतच, बॉल उचलतो आणि ड्रिबल करत किंवा पास देऊन आर्कबाहेर नेतो. शिट्टी नाही, थांबणं नाही, चेक बॉलही नाही (तो काय ते पुढे येतंच). रिंगखालच्या अर्धवर्तुळात असेपर्यंत त्याच्याकडचा बॉल हिसकावायला बचाव करणाऱ्यांना परवानगी नसते. जिथे हे अर्धवर्तुळ आखलेलंच नसतं तिथे प्रत्येक बास्केटनंतर ढकलाढकली सुरू होते. रिंगच्या केंद्राखालून १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ खडूने किंवा टेपने आखायला पाचच मिनिटं लागतात. तेवढी काढाच.

बास्केट चुकली तर रिबाउंड, म्हणजे उसळून आलेला बॉल, कुणी घेतला ते पाहायचं. हल्ला करणाऱ्या संघाला मिळाला तर तो लगेच पुन्हा शॉट मारू शकतो, बाहेर जायची गरज नाही. बचाव करणाऱ्या संघाने रिबाउंड घेतला, बॉल हिसकावला किंवा ब्लॉक करून मिळवला, तर आधी आर्कबाहेर नेणं भाग आहे. तसं न करता मारलेला शॉट आत गेला तरी गुण नाही, बॉल समोरच्या संघाचा.

‘बाहेर’ म्हणजे नेमकं कुठे, यावर मी भरपूर आवाज चढलेले ऐकले आहेत. ज्याच्या हातात बॉल आहे त्याचा एकही पाय आर्कच्या आत नको आणि रेषेवरही नको. एक पाय बाहेर, एक रेषेवर, हे बाहेर धरत नाहीत. नुसता हात लांब करून बॉल रेषेपलीकडे टेकवणंही पुरेसं नाही. सामन्याआधी पंचाने रेषेवर उभं राहून हे दोन पवित्रे करून दाखवावेत. बोलून सांगण्यापेक्षा ते फार लवकर कळतं.

चेक बॉल होतो तो खेळ थांबल्यानंतर: बॉल मैदानाबाहेर गेला, फ्री थ्रो नसलेला फाउल झाला, टाइम आउट संपला. आर्कच्या वरच्या टोकाला, रेषेबाहेर, बचाव करणारा खेळाडू हल्ला करणाऱ्याच्या हाती बॉल देतो आणि त्या क्षणी खेळ सुरू होतो. इथे दोन कुरापती चालतात. बचाव करणारा बॉल जोरात किंवा वाकडा फेकतो, नाहीतर हातातच धरून ठेवतो. पंचाने पहिल्याच वेळी दोघांना बोलावून समज द्यावी. दोन खेळाडूंनी एकाच वेळी बॉल घट्ट धरला तर जंप बॉल होत नाही, म्हणजे पंच दोघांमध्ये बॉल वर उडवत नाही, ताबा बचाव करणाऱ्या संघाला मिळतो. हा नियम बऱ्याच जणांना नवा असतो.

फाउलचा हिशोब

पाच फाउलवर खेळाडू बाहेर, ही सवय डोक्यातून काढावी लागते. इथे वैयक्तिक फाउलवरून कुणी बाहेर जात नाही. मोजायचे असतात ते संघाचे फाउल. पहिल्या सहांपर्यंत साधा हिशोब: शॉट मारताना न झालेल्या साध्या फाउलला फ्री थ्रो नाही. सातव्या, आठव्या आणि नवव्या फाउलला दोन फ्री थ्रो. दहाव्यापासून पुढे दोन फ्री थ्रो आणि वर ताबाही. खेळाडू बाहेर जातो तो दोन अखिलाडू फाउल झाल्यावर, आणि असा प्रत्येक फाउल संघाच्या खात्यात दोन म्हणून धरतात. हल्ला करणाऱ्याने केलेल्या साध्या फाउलला समोरच्या संघाला फ्री थ्रो मिळत नाही, पण संघाच्या मोजणीत तो धरला जातो.

शॉट मारताना फाउल झाला आणि बॉल आत गेला नाही, तर आर्कच्या आत एक फ्री थ्रो, बाहेर दोन. पाच जणांच्या खेळातून आलेले पंच इथे आपोआप दोन आणि तीन देतात. दहा मिनिटांच्या सामन्यात एक जादा फ्री थ्रो निकाल फिरवू शकतो, म्हणून हा आकडा पंचांकडून आदल्या दिवशी तोंडपाठ करून घ्यावा. सातव्या फाउलपासून मात्र आतल्या शॉटवरच्या फाउललाही दोन मिळतात.

टेबलावरच्या माणसाने प्रत्येक फाउलनंतर आकडा मोठ्याने पुकारावा: ‘निळे, पाच!’ फलक नसेल तर कागदावर मोठे आकडे लिहून उभे करा. सहावा की सातवा, हा वाद वहीत पाहून मिटतो खरा, पण तोवर खेळाडूंचा टेबलावरचा विश्वास उडालेला असतो.

रेषा कुठली?

अधिकृत मैदान १५ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब. नेहमीचं कोर्ट २८ बाय १५ असतं, त्यामुळे त्याच्या दोन रिंगांवर दोन सामने एकाच वेळी चालतात. बरेच आयोजक मधली रेषा हीच हद्द धरतात आणि मग दोन्ही सामन्यांतले खेळाडू पाठीला पाठ आपटतात. दोन्ही बाजूंनी ११ मीटरवर रेषा आखा. मध्ये ६ मीटरची पट्टी उरते, तिथे टेबल आणि राखीव खेळाडू नीट बसतात.

जुन्या कोर्टांवर कधीकधी दोन आर्क दिसतात, एक ६.२५ मीटरचा आणि एक ६.७५ मीटरचा. फिबाने २०१० मध्ये ही रेषा मागे नेली आणि जुना रंग तसाच राहिला. दोन गुणांसाठी ६.७५ ची रेषा. जुनी रेषा टेपने झाकून टाका, नाहीतर दिवसभर त्यावरून वाद होतील.

बॉलबद्दल थोडक्यात: अधिकृत थ्री-ऑन-थ्री बॉल आकाराने ६ नंबरचा आणि वजनाने ७ नंबरचा असतो, पुरुष आणि महिला दोघांसाठी एकच. तो मिळाला नाही तर स्पर्धा अडत नाही. फक्त सगळ्या सामन्यांना एकाच प्रकारचा बॉल द्या.

घड्याळ आणि वेळापत्रक

दहा मिनिटांचा सामना दहा मिनिटांत संपत नाही. बॉल खेळाबाहेर असताना आणि फ्री थ्रोच्या वेळी घड्याळ थांबतं. मी एका सामन्याला वीस मिनिटं धरतो. १६ संघांचे चार गट केले तर साखळीचे २४ सामने, वर प्रत्येक गटातले दोन संघ घेऊन बाद फेरीचे ७, म्हणजे एकूण ३१. एका रिंगवर त्यांना दहा तासांहून जास्त वेळ लागेल. हे गणित प्रवेश बंद करण्याआधी करा. संध्याकाळी अंधारात उरकलेले उपांत्य सामने पाहून वाईट वाटतं.

घड्याळ थांबवायला माणूस नसेल तर सलग चालणारं घड्याळ ठेवा आणि गुणांची मर्यादा वेळेशी जुळवा. १० मिनिटांना १० गुण, १५ ला १५, २१ ला २१, अशी फिबाचीच शिफारस आहे. प्रत्येक हल्ल्याला १२ सेकंद असतात. ते मोजणारं घड्याळ, म्हणजे शॉट क्लॉक, नसेल आणि संघ वेळकाढूपणा करत असेल तर पंचाने मोठ्याने ‘५, ४, ३, २, १’ मोजावं. पुढे असलेल्या संघाने शेवटची दोन मिनिटं नुसता बॉल फिरवत बसू नये, याला हा एकच साधा उपाय आहे आणि तो फुकट आहे.

गटात तीन संघ सारखे झाले तर

सवयीने लोक गुणांचा फरक काढतात. फिबाचा क्रम वेगळा आहे: आधी विजय, मग आपसातला निकाल, मग प्रति सामना केलेल्या गुणांची सरासरी. यातून निकाल कसा बदलतो ते पाहा. ‘अ’ने ‘ब’ला २१-२० ने हरवलं, ‘ब’ने ‘क’ला २१-१९ ने, आणि ‘क’ने ‘अ’ला १५-११ ने. प्रत्येकाचा एकेक विजय, आपसातला निकाल गोल फिरतो. फरकाने पाहिलं तर ‘क’ पहिला, +२ वर, आणि ‘ब’ +१ वर. सरासरीने ‘ब’ पहिला, २०.५ वर, आणि ‘क’ १७ वर. मला सरासरीची पद्धत जास्त पटते, कारण त्यात सामना रेंगाळवून थोड्या गुणांनी जिंकण्याचा फायदा उरत नाही. तुम्ही कुठलीही निवडा, पण पहिला सामना सुरू होण्याआधी जाहीर करा.

न आलेल्या संघाविरुद्ध मिळालेला विजय विजय म्हणून मोजतात, पण त्याचे गुण जिंकणाऱ्याच्या सरासरीत धरत नाहीत. न आलेल्या संघाच्या सरासरीत मात्र शून्य जातो. ठरलेल्या वेळी मैदानावर तीन खेळाडू तयार नसतील तर सामना गमावला. एकदा सुरू झाल्यावर कुणी जखमी झालं तर उरलेल्या दोघांना, अगदी एकट्यालाही, खेळू द्यावं लागतं. अशा वेळी घाईने सामना थांबवून निकाल देणारे आयोजक मी पाहिले आहेत. त्या खेळाडूंवर तो अन्याय होतो.

टेबलाला न विचारता

संघात चार जण: तीन मैदानावर, एक राखीव. बदली खेळ थांबलेला असताना, चेक बॉल किंवा फ्री थ्रोच्या आधी होते. आतला बाहेर येतो, रिंगसमोरच्या टोकाच्या रेषेमागे राखीव खेळाडूला हात लावतो, आणि तो आत जातो. त्यासाठी पंचाची परवानगी लागत नाही. टाइम आउट प्रत्येकी एक, ३० सेकंदांचा. मैदानावर प्रशिक्षक नसतो आणि प्रेक्षकांतून शिकवणंही चालत नाही. मुलांच्या स्पर्धेत हे आईवडिलांना प्रेमाने पण आधीच सांगावं लागतं, कारण मध्येच सांगितलं की ते दुखावतात. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी जमलं तर रिंग २.६० मीटरवर घ्या, शॉट क्लॉक नको, आणि बरोबरी झाली तर पहिल्या बास्केटवर निकाल. म्हणजे सुरुवातीला सांगितलेला तो दुसरा कर्णधार लहान मुलांच्या स्पर्धेत असता तर बरोबर ठरला असता.

पंच कमी असतील आणि साखळी सामने खेळाडूंनाच चालवायचे असतील, तर फाउल कोण पुकारणार हे एका वाक्यात लिहा. माझा अनुभव असा की ज्याच्यावर फाउल झाला त्याने पुकारावा, समोरच्याने वाद घालू नये, आणि एकमत होत नसेल तर चेक बॉल करून पुढे खेळावं. बाद फेरीला मात्र पंच हवाच, निदान एक. सकाळी पहिल्या सामन्याच्या पंधरा मिनिटं आधी सगळ्या कर्णधारांना आर्कजवळ उभं करून पत्रक मोठ्याने वाचा, शंका तिथेच सोडवा आणि प्रत्येकाची सही घ्या. उशिरा येणाऱ्या संघासाठी एक प्रत टेबलावर राखून ठेवा. तो संघ मैदानावर उतरण्याआधी ती त्यांच्या हातात द्या.