मॅथ्स की एस.पी.? बी.बी.ए. आणि इकॉनॉमिक्समधून निवडण्याआधी

अकरावी कॉमर्सच्या फॉर्मवर विचारतात, मॅथ्स घेणार की एस.पी., म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस? मी एस.पी.वर टिक केली. ‘चिटणीसाची कार्यपद्धती’ पाठ केली की मार्क पडतात, असं सगळेच सांगत होते. पडलेही. दोन वर्षांनी दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. (ऑनर्स) इकॉनॉमिक्सची पात्रता वाचली तेव्हा कळलं, बारावीला गणित नाही म्हणजे तिकडे विचारूच नका.

मग एका खासगी कॉलेजात बी.बी.ए., म्हणजे मॅनेजमेंटची पदवी केली. माहितीपत्रकातलं ‘सरासरी पॅकेज’ बघून बाबांनी फी भरली. ती सरासरी फक्त नोकरी लागलेल्यांची होती, हे तिसऱ्या वर्षी कळलं. तेव्हापासून मी सरासरी विचारतच नाही. वर्गात किती मुलं होती, किती जणांना नोकरी लागली आणि पगाराच्या क्रमाने लावलं तर बरोबर मधल्या मुलाला किती मिळाले, एवढंच विचारते. उत्तर देताना समोरचा चाचरला तर तेही उत्तरच.

पुढे हट्टाने एम.ए. इकॉनॉमिक्सला गेले. पहिल्या महिन्यात फळ्यावर डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर काढायचं गणित) आलं आणि शेजारची मुलगी पानं भरभर लिहीत असताना मी पेनाचं टोपण चावत बसले.

यंदा कराडची मावसबहीण सुट्टीत पुण्याला आली. ‘ताई, बी.बी.ए. करू की इकॉनॉमिक्स?’ मी तिला झेरॉक्सवाल्याकडे नेलं. गोखले संस्थेच्या बी.एस्सी. इकॉनॉमिक्सचा अभ्यासक्रम, एका कॉलेजचं बी.बी.ए. आणि साधं बी.कॉम., तिन्हींच्या प्रिंट काढल्या आणि घरी फरशीवर शेजारी शेजारी मांडल्या. पहिलं सेमिस्टर बघू नकोस म्हटलं, तिथे सगळीकडे ओळख-परिचयच असतो. तिसरं-चौथं काढ. एका कागदावर गणित, संख्याशास्त्र, अर्थमिती (म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासणं). दुसऱ्यावर मार्केटिंग, एच.आर., फायनान्स. तिसऱ्यावर अकाउंट्स, कायदा, टॅक्स.

‘पण इकॉनॉमिक्स तर तिन्हीकडे आहे,’ ती म्हणाली. बरोबर. म्हणून एक वडापाववाला घेतला. भाव २० रुपये असताना १०० वडे खपतात, २२ केला की ९०. भाव १० टक्के वाढला, खप १० टक्के घटला, म्हणजे मागणीची लवचिकता उणे एक. बी.बी.ए.त आम्ही इथेच थांबायचो आणि मग भाव वाढवावा का, गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाईल का, यावर गटचर्चा करायचो. बी.एस्सी.वाले लिहितात, खप म्हणजे २०० वजा ५ गुणिले भाव. त्यावरून गल्ल्याचं सूत्र काढतात, त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य धरतात आणि सांगतात, २० रुपयांनाच गल्ला सर्वांत जास्त, २००० रुपये. २२ ला तो १९८० होतो. उदाहरण एकच, पण तुम्हाला कुठली पद्धत तीन-चार वर्षं सहन होईल, हे ज्याचं त्याने बघायचं. मला विचाराल तर गटचर्चाही कमी प्रतीची नाही. दुकान चालवायचं असेल, सेल्समध्ये रमणार असाल, तर उगाच अर्थमितीशी झटापट कशाला?

पदवीच्या नावाच्या मागे लागू नका. २०२४ पासून बी.बी.ए. आणि त्याच्यासारखंच बी.एम.एस. हे मॅनेजमेंटचे कोर्स एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले, राज्याची सीईटी लागली, आणि मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी बी.एम.एस.चं ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ करून टाकलं. त्यामुळे अर्ज करण्याआधी सीईटी लागते का, हे त्या त्या कॉलेजात विचारा. शेजारच्या काकूंच्या मुलाने २०२२ साली काय केलं, ते आता कामाचं नाही. फीही पहिल्या वर्षाची नाही, सगळ्या वर्षांची मिळून मागा. चौथं, ऑनर्सचं वर्ष करायचं असेल तर तेही धरा.

पुढच्या वाटा मात्र सारख्या नाहीत, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इकॉनॉमिक्स करून कॅट, म्हणजे एम.बी.ए.ची प्रवेश परीक्षा देता येते, ती कुठल्याही पदवीवर चालते. उलट भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र किंवा अर्थमितीतली पदव्युत्तर पदवी लागते, नुसतं एम.बी.ए. घेत नाहीत. म्हणजे इकडून तिकडे जाणं सोपं, तिकडून इकडे येताना घाम निघतो. माझा निघाला.

बहीण बराच वेळ वडापावच्या कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, ‘ताई, मीपण एस.पी.च घेतलंय.’ ती अजून अकरावीतच आहे. सोमवारी कराडला पोचल्या पोचल्या ती कॉलेजच्या ऑफिसात विषय बदलता येतो का विचारायला जाणार आहे. मावशीला अजून सांगितलेलं नाही.