सहावी ते आठवीच्या शाळेचं वेळापत्रक: आधी शिक्षकांचे मोकळे तास बसवा

नवं वर्ष तोंडावर आलं की वेळापत्रकाचं काम कुणातरी एका शिक्षकाच्या गळ्यात पडतं. बहुतेक जण प्रत्येक तुकडीचा तक्ता पुढे घेऊन त्यात गणित, विज्ञान, भाषा भरायला बसतात आणि सगळ्या चौकटी भरल्या की काम संपलं असं समजतात. त्या वेळापत्रकाची परीक्षा होते ती पहिला शिक्षक आजारी पडतो त्या दिवशी. दुसऱ्या तासाला शाळेत एकही माणूस मोकळा नसतो आणि चौथ्या तासाला पाच जण स्टाफरूममध्ये बसलेले असतात. म्हणून शिक्षकांचे मोकळे तास कुठे पडायला हवेत हे आधी ठरवावं आणि विषय त्यांच्याभोवती बसवावेत.

उदाहरणासाठी एक शाळा धरू. सहावी, सातवी, आठवी, प्रत्येकी अ आणि ब अशा ६ तुकड्या, आठवड्याचे ५ दिवस, रोज ४० मिनिटांचे ८ तास. म्हणजे दर तुकडीला ४० आणि शाळेला एकूण २४० तास. तुमच्या शाळेचे आकडे वेगळे असतील, रीत हीच राहते.

दिवसाची घडी

८ वाजता परिपाठ आणि हजेरी, १५ मिनिटं. मग ३ तास, १०:१५ला १० मिनिटांची छोटी सुट्टी, पुन्हा ३ तास, १२:२५ला अर्ध्या तासाची मोठी सुट्टी, शेवटी २ तास. २:१५ला शाळा सुटते. ही घडी कागदावर आधी यायला हवी, कारण जोडतास कुठे बसतील हे तिच्यावरच ठरतं. इथे तिसरा-चौथा आणि सहावा-सातवा या जोड्या सुट्टीने तुटतात. प्रयोगाचा जोडतास तिथे टाकला तर मुलं अर्धवट प्रयोग टेबलावर ठेवून डबा खायला जातील. उरतात १-२, २-३, ४-५, ५-६ आणि ७-८.

तासांची वाटणी

दर तुकडीला पहिली भाषा ७, दुसरी भाषा ६, गणित ७, विज्ञान ६, सामाजिक शास्त्रं ५, शारीरिक शिक्षण ३, चित्रकला २, संगणक २, संगीत १, ग्रंथालय १. बेरीज ४०.

सहा तुकड्यांचं गणित ४२ तास होतं. पूर्णवेळ शिक्षकाला आठवड्याला २८च्या वर तास देऊ नयेत, त्यामुळे हे एका माणसाचं काम नाही. गणित आणि विज्ञान मिळून ७८ तास तिघांत वाटावेत. एकाकडे सातवी-आठवीचं गणित (२८), दुसऱ्याकडे सातवी-आठवीचं विज्ञान (२४), तिसऱ्याकडे सहावीचं दोन्ही (२६). भाषांचेही ७८च तास होतात, तेही तसेच तिघांत. यातून सहावीच्या मुलांना दोनच शिक्षक आठवड्याचे २६ तास भेटतात. प्राथमिकमधून नुकत्याच आलेल्या मुलांसाठी हे फार चांगलं असतं, दर तासाला नवा चेहरा आणि नवी शिस्त पेलण्याचं त्यांचं वय नसतं.

सामाजिक शास्त्रांचे ३० तास एका शिक्षकाला जड जातात. एका तुकडीचे ५ तास मुख्याध्यापकांनी घ्यावेत, म्हणजे त्या शिक्षकाकडे २५ उरतात. मुख्याध्यापकांनी वर्गावर जायलाच हवं, पण त्यांचे तास पहिल्या दोनांत ठेवू नयेत. त्या वेळात पालक भेटायला येतात, गैरहजर शिक्षकांची सोय लावायची असते, आणि तास बुडत राहतो. पाचवा-सहावा तास त्यांच्यासाठी बरा.

आता विषयशिक्षक ७ झाले आणि त्यांचे तास १८१. खेळ, चित्रकला, संगणक, संगीत आणि ग्रंथालयाचे ५४, मुख्याध्यापकांचे ५. हे ५९ तासच सगळं वेळापत्रक तारून नेतात.

दर तासाला दोघे मोकळे

एका वेळी ६ वर्ग भरतात. सहाही वर्गांवर विषयशिक्षक असले तर सातांपैकी एकच मोकळा राहतो. दोघे मोकळे हवे असतील तर त्या तासाला निदान एक तुकडी मैदानावर, संगणक कक्षात, चित्रकलेला, ग्रंथालयात किंवा मुख्याध्यापकांकडे असली पाहिजे. आपल्याकडे असे ५९ तास आहेत आणि आठवड्याचे तास ४०, म्हणजे हे सहज जमतं. जमत नाही ते एका सवयीमुळे. खेळ आणि चित्रकला हे दिवसाच्या शेवटी 'ढकलायचे' विषय मानले जातात. सातव्या-आठव्या तासाला तीन-तीन तुकड्या बाहेर असतात आणि पहिल्या-दुसऱ्याला एकही नाही.

पहिल्या तासाला तर आणखी एक अडचण येते. वर्गशिक्षकाचा पहिला तास स्वतःच्याच तुकडीवर असावा असं सगळ्यांना वाटतं, ते योग्यही आहे. पण सहाही वर्गशिक्षक विषयशिक्षकच असले तर पहिल्या तासाला फक्त एक जण उरतो, आणि कोण आलं नाही हे कळण्याची वेळ नेमकी तीच. यावर उपाय असा: २८ तासांच्या दोघांना वर्गशिक्षक करू नये. उरलेले पाच विषयशिक्षक आणि सहावे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. त्यांचे १८ तास असतात, आणि मुलांमधली भांडणं, दुखणी, कुणाचं कुणाशी जमत नाही हे त्यांना इतरांच्या आधी कळतं. त्यांच्या तुकडीचे खेळाचे तिन्ही तास तीन दिवस पहिल्या तासाला लावा. त्या तीन दिवशी २८ तासांचे दोघे आपोआप मोकळे राहतात. उरलेल्या दोन दिवशी दुसऱ्या एखाद्या तुकडीला पहिल्या तासाला संगणक किंवा ग्रंथालय द्या, नाहीतर पहिल्या तासाच्या सगळ्या बदल्या त्या दोघांवरच येतील.

भरायचा क्रम

जे हलत नाही ते आधी. संगीताचे शिक्षक बाहेरून आठवड्यातून दोनच दिवस येत असतील, तर त्यांचे ६ तास ३-३ करून सलग लावा. मध्ये रिकामा तास ठेवला तर ते पुढच्या वर्षी येणार नाहीत. मग प्रयोगशाळेचे ६ जोडतास, मग चित्रकलेचे ६ जोडतास, मग मैदान आणि संगणक कक्ष.

प्रयोगशाळेपाशी थोडं थांबायला हवं. एका इयत्तेच्या अ आणि ब तुकडीचे प्रयोग त्याच दिवशी लावावेत, म्हणजे प्रयोगशाळा सहायकाला मांडणी एकदाच करावी लागते. सातवी उठली आणि लगेच आठवी बसली, असं करू नये. मध्ये एक तास रिकामा हवा. परीक्षानळ्या धुवायच्या, द्रावणांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तपासायच्या, फुटलेली काच उचलायची, पुढच्या प्रयोगाचं साहित्य टेबलांवर मांडायचं, हे घंटा होता होता होत नाही. घाईत केलं की चुकीची बाटली चुकीच्या टेबलावर जाते.

यानंतर दोन-दोन विषय शिकवणारे सहावीचे शिक्षक बसवा, कारण सगळ्यांत जास्त ते अडकतात. मग गणित. आठवड्याला ७ तास म्हणजे दोन दिवशी दोनदा गणित येणारच. त्या दिवशी पहिल्या भाषेचा दुसरा तास टाकू नका, तो दुसऱ्या दोन दिवशी. बाकीचे विषय शेवटी.

भरताना दोन मर्यादा पाळा. कुणालाही सलग तीनहून जास्त तास नकोत, मध्ये सुट्टी येत असेल तर चार चालतील. आणि कुठल्याही तुकडीचा तोच विषय आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा शेवटच्या तासाला येऊ नये. आठवीचं विज्ञान चार दिवस शेवटच्या तासाला गेलं, तर त्याचा परिणाम निकालात दिसतो आणि दोष शिक्षकावर जातो.

तपासणी

स्प्रेडशीटमध्ये ४० ओळी करा, दर तासाला एक ओळ, आणि ६ स्तंभ, दर तुकडीला एक. चौकटीत विषयाऐवजी शिक्षकाची दोन अक्षरी खूण लिहा. एकाच ओळीत तीच खूण दोनदा आली तर माणूस दोन वर्गांत आहे. पुन्हा आलेल्या नोंदीला आपोआप लाल रंग येईल अशी सोय लावून घ्या. सातवा स्तंभ त्या तासाला मोकळ्या असलेल्या विषयशिक्षकांसाठी. तिथे दोनपेक्षा कमी नावं दिसली की ती ओळ दुरुस्त करायची. शेवटी प्रत्येक खूण किती वेळा आली ते मोजा आणि ठरलेल्या भाराशी जुळवा. २८च्या जागी २७ आले म्हणजे कुठल्यातरी तुकडीचा एक तास हरवला आहे.

खोल्यांसाठी असाच वेगळा तक्ता लागतो. मैदान एक आणि खेळाला दोन तुकड्या, हा घोळ शिक्षकांच्या तक्त्यात दिसत नाही.

बदली तास

कोणी गैरहजर असेल तर दिसेल त्या मोकळ्या माणसाला वर्गावर पाठवणं सोपं असतं, पण मुलांचा तास वाया जातो. आधी पाहावं की त्याच तुकडीला दिवसात पुढे शिकवणारं कोणी आत्ता मोकळं आहे का. असेल तर त्यांनी आपला पुढचा तास आत्ता घ्यावा. तुकडीचा अभ्यास होतो आणि मोकळी जागा दिवसाच्या शेवटाकडे सरकते, तिथे सोय लावायला वेळ मिळतो. ते जमलं नाही तर त्याच विषयाचे दुसरे शिक्षक, आणि अगदीच नाही तर कोणीही मोकळे असतील ते.

बदलीची वही ठेवा: तारीख, गैरहजर शिक्षक, तास, तुकडी, कोण गेलं, सही. आठवड्यात एकाकडे दोनपेक्षा जास्त बदल्या नकोत, आणि दिवसात एकच मोकळा तास असलेल्या शिक्षकाला त्या दिवशी हात लावू नये. वही नसली की नेहमी 'हो' म्हणणारे दोघे-तिघेच वर्षभर जातात. ते तक्रार करत नाहीत, वर्षअखेरीला दुसऱ्या शाळेत अर्ज करतात. ग्रंथपालांना आणि लिपिकांना वर्गावर बसवू नये. त्यांचं काम तेवढ्या वेळात थांबतं आणि ते दिसत नाही एवढंच.

सुट्टीतली देखरेख

फाटक, जिना, मैदान, स्वच्छतागृहांकडचा बोळ, अशा जागा आधी ठरवा आणि मग नावं घाला. सुट्टीच्या आधी आणि नंतर दोन्ही बाजूंना तास असलेल्या शिक्षकाला त्या सुट्टीत उभं करू नका, पाणी प्यायला आणि स्वच्छतागृहात जायला त्यांना तेवढाच वेळ असतो. जिन्यावर मात्र माणूस हवाच. घंटा होताच सगळे एकदम उतरतात आणि धक्काबुक्की होते ती तिथेच.

लागू करताना

कच्चा मसुदा शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी सगळ्यांना द्या आणि फक्त चुका विचारा. आवडीनिवडी त्याआधीच, भार ठरवताना विचारलेल्या असाव्यात. पहिले दोन आठवडे कोणतीही अदलाबदल करू नका, तक्रारी फक्त लिहून घ्या. एक तास हलवला की निदान दोन शिक्षक आणि कधीकधी एक खोलीही हलते, म्हणून सगळे बदल एकाच सोमवारी करावेत. नवी प्रत स्टाफरूम, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि वर्गांत लावताना जुनी काढून घ्या, नव्या प्रतीवर तारीख घाला, आणि घंटा देणाऱ्या शिपायांच्या हातात एक प्रत स्वतः नेऊन द्या.