सिंहगड–राजगड–तोरणा पळायचंय? उतरायला शिका

सिंहगड, राजगड, तोरणा अशा सुमारे पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत चढावर दम लागतो, पण तो दोन मिनिटांत परत येतो. उतारावर गेलेल्या मांड्या त्या दिवशी परत येत नाहीत. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार झेलतो, त्याचे तंतू दुखावतात. डांबरी रस्त्यावर कितीही पळा, ही सवय लागत नाही.

21 किलोमीटर आरामात होत असतील तर 16 आठवडे हातात ठेवा. आठवड्यातून चार दिवस पळा. रविवारी पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड, एका फेरीत साधारण 600 मीटर चढ. पहिला महिना एकच फेरी, मग हळूहळू तीन. दर चौथ्या आठवड्यात अंतर एक तृतीयांश कमी करा. शेवटची मोठी फेरी शर्यतीच्या तीन आठवडे आधी.

चढ खुशाल चाला. उतारावर पावलं छोटी, नजर तीन-चार पावलं पुढे. घाबरून मागे रेललात की वजन टाचेवर जातं आणि घसाऱ्यावर पाय सुटतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर हा सराव नकोच. घरच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा तीन सेकंद घेत खाली टेकवा. प्रत्येक पायाला 12 वेळा, तीन सेट.

बूट अर्धा नंबर मोठे घ्या. सगळ्यात वरच्या जादा भोकात लेस त्याच बाजूनं आत घालून छोटा फास करा, समोरची लेस त्यातून ओवा आणि आवळा. टाच जागची हलत नाही. नाहीतर बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात.

तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे अंदाजे दोन मध्यम केळी. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरलाच. त्यात साखर जेमतेम 13.5 ग्रॅम, त्यामुळे ते खाण्याची जागा घेत नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं: बोटं सुजतात, डोकं दुखतं, मळमळतं. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी तर घेऊच नका, पाणी कमी पडलेल्या अंगात ती मूत्रपिंडावर येते.

राजगडाच्या संजीवनी माचीकडून तोरण्याला जाणाऱ्या धारेवर सावली फारशी नाही. टोपी भिजवायला अर्धा लिटर पाणी वेगळं ठेवा.