कारवीवर प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात एम.एस्सी. बॉटनी करताना मी स्ट्रोबिलँथिस, म्हणजे आपल्या कारवीचा वंश, प्रोजेक्टला घेतला. एक साधा हिशेब मात्र केला नव्हता: अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि कारवी फुलते सात-आठ वर्षांतून एकदा. पहिल्या पावसाळ्यात गगनबावड्याहून पिशवी भरून फांद्या आणल्या, सगळ्या नुसत्या पानांच्या. फूल उघडून पुंकेसर दोन की चार हे पाहिल्याशिवाय या वंशात बरेचदा पुढं जाताच येत नाही. महिना वाया गेला.

म्हणून आधी हर्बेरियममध्ये, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, बसा. तिथं नावांचा गुंता भेटेल. ब्रेमेकँप या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1944 मध्ये हा वंश फोडून त्याचे अनेक छोटे वंश केले, त्यामुळे जुन्या शीटवर कारवी ‘कार्विया’ आणि वायटी ही तिच्याच वंशातली दुसरी जात ‘थेलेपेपाले’ म्हणून असते. आता ती सगळी पुन्हा स्ट्रोबिलँथिसमध्येच धरतात. वहीच्या पहिल्याच पानावर जुनी-नवी नावं समोरासमोर लिहून ठेवा.

हा वंश आशियाभर पसरलेला आहे, जाती साडेतीनशेहून जास्त. ओकिनावात यातल्याच एका जातीच्या पानांपासून निळा रंग काढतात. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजीही यातलीच, मुन्नारकडं ती 2018 मध्ये फुलली होती. पण कित्येक जाती एखाद्या डोंगररांगेपुरत्याच असतात. त्यामुळे लेबलवर ‘कोल्हापूर जिल्हा’ एवढंच लिहू नका. उंची, उताराची दिशा, झाडाची सावली हे जागेवरच टिपा. फुलाचा रंगही तिथंच लिहा, दाबल्यावर तो राहत नाही. वायटीचे तुरे इतके चिकट की वर्तमानपत्राचा कागद फाटून त्यांनाच चिकटून येतो.

सगळ्या डोंगरांवरची कारवी एकाच साली फुलत नाही, हे माझ्या पथ्यावर पडलं. दुसऱ्या वर्षी आंबा घाटाकडच्या धनगरवाड्यातल्या एका आजींनी सांगितलं, “वरल्या अंगाला फुललीया बग.” त्यांच्या घराचा कूड कारवीच्या काठ्यांचाच होता. बी धरल्यावर झाड वाळतं, मग काठ्या तोडता येतात, म्हणून फुलोऱ्यावर त्यांचं बारीक लक्ष. वाडीतल्या माणसांना विचारा, आणि अहवालात त्यांचे आभार माना. राधानगरी अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याकडं परवानगीचा अर्ज फार आधी टाका.

त्या झाडांची वाळलेली बोंडं पुढच्या जूनपर्यंत तशीच फांदीवर होती. पहिली मोठी सर आली तेव्हा मी तिथंच उभा होतो. ओली झालेली बोंडं एकेक करून तडतड फुटायला लागली, आणि बिया माझ्या रेनकोटवर येऊन आपटत होत्या.