अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचा प्रवेश: निबंधाआधी शाळेचे कागद आणि पैशांचा रकाना बघा

बारावीनंतरच्या प्रवेशाची आपल्या डोक्यात एकच रीत बसलेली असते. परीक्षा, पर्सेंटाइल, कॅप राउंड, यादी. यादीत वर असलेला आत, खाली असलेला बाहेर, आणि कुणी वाद घातलाच तर दाखवायला कट-ऑफ आहे. अमेरिकेतल्या निवडक लिबरल आर्ट्स कॉलेजांना, म्हणजे विज्ञान आणि कला एकत्र शिकवणाऱ्या छोट्या पदवी कॉलेजांना, अर्ज करायचा तर ही रीत सोडावी लागते. तिथे यादी लागतच नाही. काही माणसं टेबलाभोवती बसून चार-पाचशे मुलांचा एक वर्ग जमवतात, आणि त्या वर्गात तुमची जागा आहे का, एवढंच बघतात.

मी सांगलीची. स्टेट बोर्डातून बारावी करून आयोवा राज्यातल्या ग्रिनेल कॉलेजात गेले. आता ओळखीपाळखीच्या मुलांचे अर्ज वाचून देते. त्यावरून माझं मत पक्कं झालंय, की आपली मुलं निबंधावर गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. अर्ज जिथे खरोखर अडतो ती ठिकाणं दोनच, शाळेकडून जाणारे कागद आणि पैशांचा रकाना, म्हणजे फीसाठी आर्थिक मदत मागायची जागा. तिकडे डिसेंबर उजाडेपर्यंत कुणी फिरकत नाही.

कॉलेजांबद्दल थोडक्यात. विल्यम्स १७९३ चं, ॲम्हर्स्ट १८२१ चं, ग्रिनेल १८४६ चं. स्वार्थमोर आणि पोमोनाही याच पंक्तीतली. मुलं साधारण दोन हजारांच्या आसपास, शिकवणारे प्राध्यापकच, आणि मुख्य विषय दुसरं वर्ष संपेपर्यंत ठरवायची मुभा. ग्रिनेलमध्ये सगळ्यांना सक्तीचा असा एकच कोर्स आहे, पहिल्या सत्रातलं ट्युटोरियल. बाकी सगळं आपण आणि आपला सल्लागार प्राध्यापक मिळून ठरवायचं. ‘सायन्सची मुलगी तिकडे कशाला?’ असं घरी कुणी विचारलं तर सांगा, इंटेलच्या दोन संस्थापकांपैकी रॉबर्ट नॉइस १९४९ साली ग्रिनेलमधूनच पदवीधर झाला, तोही फिजिक्स आणि गणित घेऊन.

आता निवड. बहुतेक ठिकाणी भारतातले अर्ज पहिल्यांदा वाचणारा अधिकारी ठरलेला असतो. तो आधी मार्क आणि विषय बघतो, पण सुटे नाही. या शाळेत काय उपलब्ध होतं आणि त्यातलं या मुलाने काय घेतलं, हा त्याचा प्रश्न असतो. मग शिफारसपत्रं, उपक्रम, निबंध. तो टिपण लिहितो, पुष्कळदा दुसरा अधिकारीही वाचतो, आणि मधल्या फळीतल्या अर्जांवर समितीत चर्चा होते. तिथे कॉलेजच्या स्वतःच्या गरजाही येतात. टीमला खेळाडू हवेत, ऑर्केस्ट्रात वाजवणारे हवेत, एकाच देशातून फार मुलं नकोत. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप ॲम्हर्स्टने २०२१ मध्ये बंद केलं, पण सगळ्यांनी केलेलं नाही. म्हणून ९५ टक्क्यांना नकार आणि ८८ ला होकार आला तर त्यात घोटाळा शोधू नका. तुमची तुलना कुणाशी आणि कशासाठी झाली, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

कॉलेजाला काय महत्त्वाचं वाटतं ते मात्र कळू शकतं. कॉलेजचं नाव टाकून ‘कॉमन डेटा सेट’ शोधा. कॉलेजं स्वतःच ठरावीक नमुन्यात जाहीर करतात ती ही माहिती. त्यातल्या सी-७ तक्त्यात मार्क, निबंध, शिफारस, मुलाखत, अर्जदाराने दाखवलेला रस, प्रत्येकापुढे ‘अतिशय महत्त्वाचं’पासून ‘विचारात घेत नाही’पर्यंत खूण असते. त्याच कागदात पुढे एच-६ मध्ये परदेशी मुलांपैकी किती जणांना आर्थिक मदत मिळाली आणि सरासरी किती, तेही असतं. कुठल्याही कन्सल्टंटला पैसे देण्याआधी ही दोन पानं वाचा.

शाळेच्या कागदांकडे येऊ, कारण आपलं घोडं इथेच अडतं. कॉमन ॲपवर, म्हणजे एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवता येतो त्या वेबसाइटवर, शाळेकडून एक स्कूल रिपोर्ट (शाळेची आणि तुमची माहिती देणारा फॉर्म), नववी ते बारावीची गुणपत्रकं, समुपदेशकाचं पत्र आणि बहुधा दोन विषयशिक्षकांची पत्रं जातात. आपल्याकडे नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसऱ्याच ज्युनिअर कॉलेजात. समुपदेशक नाहीच. त्यात इंटिग्रेटेड क्लास असेल तर कॉलेजातल्या सरांनी तुम्हाला वर्गात पाहिलेलंही नसतं. समुपदेशकाच्या जागी प्राचार्य किंवा उपप्राचार्य चालतात, पण त्यांचा ईमेल शक्यतो संस्थेचा हवा. आमच्या कॉलेजात तसा पत्ताच नव्हता. उपप्राचार्य मॅडमनी ऑफिसमागे लागून तो उघडून घेतला, आणि माझ्यामागून अर्ज करणाऱ्यांची सोय झाली.

स्कूल रिपोर्टसोबत स्कूल प्रोफाइल नावाचं एक-दोन पानी टिपण लागतं. आपल्याकडे ते कुणी केलेलं नसतं, म्हणून ऑफिसला आकडे गोळा करून द्या. बारावीला किती मुलं बसतात, पहिल्या क्रमांकाला किती टक्के पडले, ८५ च्या वर किती गेले, कुठले विषय मिळतात, माध्यम काय. तुमचे ८७ टक्के हे कॉलेजातल्या वरच्या चार-पाच मुलांत बसतात की मधल्या गर्दीत, हे वाचणाऱ्याला दुसरीकडून समजत नाही. आणि टक्क्यांचं जीपीए (अमेरिकेतली चारपैकी गुण देण्याची पद्धत) स्वतः करत बसू नका. आहेत तसेच शंभरपैकी लिहा.

शिफारसपत्राला आपल्याकडे चारित्र्याच्या दाखल्याची भाषा येते. ‘विद्यार्थिनी कष्टाळू व होतकरू असून तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.’ असल्या पत्राने काही बिघडत नाही, पण घडतही नाही. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणणारे सरही भेटतील. तसं करू नका. त्याऐवजी सरांना एक कागद द्या. त्यांच्या तासाला विचारलेला एखादा प्रश्न, प्रॅक्टिकलला चुकलेलं रीडिंग तुम्ही पुन्हा का घेतलं, असे त्यांनी स्वतः पाहिलेले प्रसंग आठवून द्या. लिहिणारे तेच. इंग्रजीचा संकोच असेल तर सरांनी मराठीत लिहावं आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी केलेलं भाषांतर सोबत जोडावं. बऱ्याच ठिकाणी हे चालतं, तरी आधी कॉलेजला ईमेल करून विचारा. अशा साध्या प्रश्नांना तिथली माणसं नीट उत्तर देतात.

उपक्रमांसाठी दहा जागा आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं. इथे आपली मुलं एनसीसी, वक्तृत्व वगैरे लिहून थांबतात आणि संध्याकाळी दुकानात बसतो ते लिहीतच नाहीत. घरची जबाबदारी आणि पगारी काम यांचे वेगळे प्रकार त्या यादीतच दिलेले आहेत. आजीचं पथ्यपाणी सांभाळणं, द्राक्षाच्या हंगामात बागेत राबणं, मंडळाचा जमाखर्च ठेवणं, सगळं चालतं. आठवड्याचे तास मात्र खरे लिहा. सन्मानांच्या पाच जागांमध्ये परीक्षेचं नुसतं नाव टाकू नका. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा म्हणजे काय, हे तिथल्या वाचणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही.

निबंध ६५० शब्दांपर्यंत. चांगला लिहा, दोन जाणत्यांना दाखवा, पुरे. सॅट ही तिथली प्रवेशपरीक्षा बऱ्याच कॉलेजांत ऐच्छिक आहे, बोडोइन कॉलेजात तर १९६९ पासून. तरी स्टेट बोर्डाच्या मुलाने जमलं तर द्यावी, कारण आपल्या बोर्डाचे मार्क त्यांना नीट तोलता येत नाहीत. इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा स्वस्तातली ड्युओलिंगो.

आता पैसे. या कॉलेजांचा वर्षाचा पूर्ण खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. ॲम्हर्स्ट, बोडोइन अशी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलांची निवड करताना घरची ऐपत बघत नाहीत. ग्रिनेल, स्वार्थमोर, पोमोनासह बाकीची बघतात. निवड झालेल्याची गरज ही कॉलेजं पूर्ण भागवतात, पण परदेशी मुलांसाठीचं बजेट ठरलेलं असल्याने जास्त मदत मागणाऱ्याला चाळणी बारीक लागते. म्हणून काही पालक मदत न मागताच अर्ज करू म्हणतात. हा जुगार खेळू नका. प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुष्कळ ठिकाणी परदेशी मुलाला पुढची चारही वर्षं ती मागता येत नाही. घरचं बळ किती, ते ऑगस्टमध्येच एका कागदावर मांडा आणि त्यावरून कॉलेजं निवडा.

मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरचं उत्पन्न आणि मालमत्ता सांगणारा ऑनलाइन फॉर्म, भरावा लागतो. शेतकरी घरांची इथे एक खास अडचण होते. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे रिटर्न एक तर भरलेलं नसतं किंवा त्यातले आकडे भलतेच दिसतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, कारखान्याची किंवा बाजार समितीची बिलं आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. खास परिस्थिती सांगायच्या जागेत सरळ लिहा की एका वर्षी गारपीट झाली आणि उत्पन्न निम्म्यावर आलं. जमिनीचा बाजारभाव मोठा दिसतो आणि ती विकून फी भरता येत नाही, हेही तिथेच सांगायचं.

वेळापत्रक असं. कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतं. अर्ली डिसिजनची, म्हणजे एकाच कॉलेजाला ‘घेतलंत तर येईनच’ असं कबूल करून आधी करायच्या अर्जाची, मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर. तो अर्ज बंधनकारक असतो, मदत अपुरी पडली तरच त्यातून सुटता येतं. एखादं कॉलेज मनापासून हवं असेल आणि एच-६ चे आकडे परवडणारे असतील, तरच त्या वाटेला जा. रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या अर्जाची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चअखेर, होकार कळवायचा १ मेपर्यंत. तोवर आपला बोर्डाचा निकाल लागलेलाही नसतो, त्यामुळे मिळालेला प्रवेश अंतिम गुणपत्रकावर अवलंबून असतो आणि बारावी सोडून देता येत नाही. सीईटीचा फॉर्मही भरून ठेवा. त्याची मुदत बहुतेक वेळा अमेरिकेचे निकाल येण्याआधीच संपते.