घरात गॅसचा वास आला तर

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. सर्दी झालेल्या किंवा वयस्कर माणसाला हा वास उशिरा जाणवतो आणि बराच वेळ त्याच खोलीत असलेल्याच्या नाकाला त्याची सवय होते, म्हणून बाहेरून आलेल्याने वास येतो असे म्हटले तर ते खरेच धरावे.

सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्याने ओट्याखाली आणि मोरीत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या एखाद्या जुन्या घरात स्वयंपाकघराची खिडकी उंचावर असते, शिवाय पावसाळ्यात ती झडीमुळे बंदच असते. अशा ठिकाणी नुसती खिडकी उघडून भागत नाही, जमिनीपर्यंतचे दार उघडावे लागते.

वास येताच विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. बंद दिवा लावू नये, तसाच चालू पंखाही बंद करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. देवघरातील समई आणि उदबत्ती विझवावी, शेगडीची बटणे व रेग्युलेटर बंद करावा, शक्य असल्यास रेग्युलेटर काढून सिलिंडरवर प्लॅस्टिकची टोपी घट्ट बसवावी आणि दारे उघडून सर्वांनी बाहेर पडावे. फ्रीज आपोआप सुरू होतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून आत रेंगाळू नये. शेजाऱ्यांना बेल न वाजवता हाक मारावी. दूर गेल्यावरच मोबाइलवरून १९०६ या चोवीस तास चालणाऱ्या गॅस हेल्पलाइनला, आणि आग लागली असेल तर १०१ ला, फोन करावा.

रांधताना तांबडा-पांढरा रस्सा उतू जाऊन ज्योत विझते आणि गॅस तसाच वाहत राहतो. त्यामुळे मोठे पातेले चढवून स्वयंपाकघर सोडू नये. सिलिंडर बदलल्यावर जोडांना साबणाचा फेस लावावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी ओढून पाहणे हा निव्वळ वेडेपणा आहे. रबरी नळी दर ५ वर्षांनी, आणि चीर दिसल्यास लगेच, बदलावी.

पाइपने येणारा नैसर्गिक वायू मात्र हवेपेक्षा हलका असून छताकडे साचतो. तेथे शेगडीच्या पाइपवरचा कॉक बंद करून वरच्या खिडक्याही उघडाव्यात.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखे पंचगंगेचे पाणी घरात शिरले, तर बुडालेला रेग्युलेटर नुसता पुसून वापरू नये. गाळ आत अडकून त्याचा पडदा नीट बसत नाही. सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडून तपासून घ्यावेत आणि नळी नवी घ्यावी.