टॉर्च बॅगेत टाकायच्या आधी सेल बघा

टॉर्च बॅगेत टाकायच्या आधी मागचं झाकण उघडून सेल बाहेर काढा आणि उजेडात फिरवून फिरवून बघा. १८६५० वाला लिथियम आयन सेल असेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, चार्जिंगच्या बऱ्याच टॉर्चमध्ये हाच असतो) तर वरचं पातळ प्लॅस्टिकचं कव्हर प्लस टोकाच्या कडेला नीट तपासा, कारण कव्हरखालचा अख्खा पत्रा मायनस असतो, पार प्लसच्या बटणाच्या काठापर्यंत, आणि मध्ये असते फक्त एक बारकी इन्सुलेशनची रिंग, म्हणजे तिथे कव्हर फाटलं की प्लस-मायनस शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. माझ्या एका सेलचं कव्हर तिथेच नखाएवढं फाटलेलं होतं आणि मी तो दोन महिने वापरत होते, आता आठवलं तरी पोटात गोळा येतो. फाटलेला, दबलेला, गंजलेला सेल बाजूला काढायचा म्हणजे काढायचाच. कव्हरवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलंय का तेही बघा, या साईजमध्ये साधारण ३५०० च्या वर जात नाही, म्हणजे ते लेबल सरळ खोटं आहे आणि अशा सेलवर कशाला भरवसा ठेवायचा.

दोन सेल एकामागे एक लागत असतील तर जोडी एकाच कंपनीची, एकदमच घेतलेली आणि सारखी चार्ज झालेली हवी, नवा-जुना अजिबात मिसळू नका. कमजोर सेल आधी संपतो, मग दुसरा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो, संपलेल्या सेलचे प्लस-मायनस उलटे होतात, तो तापतो, आत गॅस होतो आणि वॉटरप्रूफ टॉर्चमधून त्याला बाहेर पडायला वाटच नसते, मग टॉर्चच फुटतो. सीआर१२३ सारख्या ३ व्होल्टच्या, एकदाच वापरायच्या लिथियम सेलबाबतही हेच, आणि ते चार्जरला तर कधीच लावायचे नाहीत.

चार्जिंग जागेपणी, समोर, फरशीवर, गादीवर नाही. ४.२ व्होल्टला चार्जर थांबला पाहिजे, मल्टिमीटर असेल तर एकदा मोजून खात्री करून घ्या.

सुटे सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर नकोत, प्रत्येकाला प्लॅस्टिकची डबी. महिनोन्‌महिने ठेवायचे तर अर्धे चार्ज करून, ३.७ व्होल्टच्या आसपास, थंड कोरड्या जागी, उन्हात तापणाऱ्या गाडीत तर नकोच. टॉर्च बॅगेत चुकून पेटू नये म्हणून सेल काढूनच ठेवा.

आणि टॉर्च आपोआप गरम झाला, सुस्स आवाज आला किंवा गोडसर वास आला तर उघडून बघू नका, हातातला टाकून लांब व्हा, घरातल्यांनाही बाहेर काढा, तो धूर विषारी असतो. बाद सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात नाही.